गाणारी कुठे उभी आहे?

तहियाने मुलीचं लग्न नवऱ्याला न विचारता ठरवलं, असं उद्या कोणी म्हणालं असतं तर तिने कुराणावर हात ठेवून सांगितलं असतं, की तीनदा विचारलं. तिन्ही वेळा गाडीत विचारलं. तिन्ही वेळा शौकी समोरच्या रस्त्याकडे बघत गप्प राहिला, आणि गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं, हे तर तिच्या आजीच्या आजीपासून चालत आलेलं. तिचं स्वतःचं लग्न तसंच ठरलं होतं. बापाने विचारलं, ती मान खाली घालून गप्प बसली, आणि बाहेरच्या खोलीत शरबताचे ग्लास किणकिणले. खरं तर त्या दिवशी तिची दाढ ठणकत होती, तोंड उघडवत नव्हतं. पण असल्या गोष्टी कोण विचारतो.

तर उद्या, शुक्रवारी, तिसऱ्या प्रहरी अस्रच्या नमाजानंतर नवऱ्या मुलाच्या, हातेमच्या घरची मंडळी फातिहा, कुराणातली पहिली प्रार्थना, वाचायला येणार होती. फातिहा वाचली की शब्द पक्का. त्यानंतर मागे फिरलं तर दोन्ही घरांची अब्रू मोहल्ल्यातल्या प्रत्येक बाल्कनीत वाळत पडणार.

सगळं गाडीत बोलायचं कारण म्हणजे घरात असलेली हज्जा दौलत. तहियाची सासू. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, पण तीन खोल्यांपलीकडे कांदा चिरला तरी तिला कळतं की तो बारीक चिरलाय की जाड. नातीसाठी, जिहानसाठी, तिने आपल्या बहिणीचा नातू हेरून ठेवला होता, तांता शहरात प्लास्टिकच्या खुर्च्या विकणारा. हातेमचं नाव घरात निघालं असतं तर म्हातारीने त्याच संध्याकाळी छातीत कळ आणली असती. म्हणून तहिया नवऱ्याशी महत्त्वाचं काही बोलायचं तर बाजाराचं निमित्त काढून गाडीत बसायची. गाडीत कोणाचे कान नसतात, असं ती म्हणायची.

एकच गोष्ट मनात कुरतडत होती. शौकी पूर्वी असा नव्हता. गणिताचा मास्तर, शाळेत दिवसभर ओरडून आला तरी गाडीत बसला की तोंडाचा पट्टा सुरू. पुढच्या टॅक्सीवाल्याची नक्कल, मुख्याध्यापकांच्या टोपाची चौकशी, काही ना काही. गेल्या दोन वर्षांत मात्र गाडीत बसला की मुका. ती बोलायची, तो रस्ता बघायचा. सुरुवातीला ती रुसली, मग भांडली, मग तिने मनाची समजूत घातली, की पंचवीस वर्षं झाली की नवरा म्हणजे घरातलं जुनं घड्याळ. वेळ दाखवतो, टोले देत नाही.

या महिन्यात भिशी तिच्या नावावर लागली. बायकांनी विचारलं, काय घेणार? ती म्हणाली, गाडीला नवा स्टिरिओ. बायका हसल्या. तहिया म्हणाली, "हसू नका. तो बोलत नाही, निदान कोणीतरी गाऊ दे."

म्हणून गुरुवारी शौकीने शाळेतून रजा काढली आणि सकाळपासून दोघं उस्ता मेगाहिदच्या गाळ्यात होती.

मेगाहिद म्हणजे अलेक्झांड्रियात गाडीच्या स्टिरिओच्या धंद्यातला जुना हात. पोट स्टिअरिंगला टेकणारं, बोटं मात्र शिंप्यासारखी. त्याने आल्या आल्या गाडीचा मूळचा स्टिरिओ वाजवून बघितला आणि चेहरा असा केला, जणू शिळी पावट्याची उसळ तोंडात घातलीये.

"हे कंपनीने दिलंय तसंच ठेवलंत? बावीस वर्षं?"

"वाजतो की," शौकी म्हणाला.

"वाजतो! मिस्टर शौकी, पत्र्याचा डबाही वाजतो."

शौकी शाळेत शिकवतो हे कळल्यापासून तो त्याला पोरांसारखंच 'मिस्टर' म्हणत होता. तहियाला तो हज्जा म्हणाला, तेव्हा तिने त्याला तिथेच अडवलं. "अजून मक्केला गेले नाहीये. गेले की कळवीन, मग म्हण."

त्याने दोन पातळ पट्ट्या खुपसून जुना स्टिरिओ डॅशबोर्डातून ओढून काढला. मागे वायरींचा गुंता, त्यात कधीतरी सांडलेलं सूर्यफुलाच्या बियांचं टरफल. मग दारांची पॅनेलं उतरवली. आतले मूळचे स्पीकर कागदाचे, कडा उंदराने खाल्ल्यासारख्या झडलेल्या. त्यांच्या जागी नवे बसवले, आरशाच्या कोपऱ्यात बारीक आवाजाचे दोन छोटे, आणि दाराच्या पत्र्याला आतून काळी जाड चिकटपट्टी लावली, म्हणजे पत्रा थरथरणार नाही. सीटखाली आवाज वाढवणारा अँप ठेवला. त्याची जाड लाल वायर बॅटरीपासून डाव्या अंगाने आणली आणि गाण्याची वायर उजव्या अंगाने.

"एकत्र का नाही?" तहियाने विचारलं.

"दोघी शेजारी झोपल्या की एक घोरायला लागते. गाण्यात घूं-घूं येते."

"आमच्या घरी ये एकदा. एका पलंगावर कसं जमवायचं ते सांग."

शौकी हसला. त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून ती बोलली की तो हसायचा. हे तिच्या अजून ध्यानात आलं नव्हतं.

दुपारच्या अजानपर्यंत सगळं जोडून झालं. आता राहिलं होतं ते मेगाहिदचं खरं काम, ज्यासाठी लोक त्याच्याकडे यायचे. त्याच्याकडे मोजमापाचं यंत्र नव्हतं. तो मालकाला त्याच्या जागेवर बसवायचा, दारं बंद करायचा, डोळे मिटायला लावायचा आणि एका जुन्या गायिकेचं, साथीला फक्त ऊद हे तंतुवाद्य असलेलं गाणं लावायचा. मग एकच प्रश्न.

"गाणारी कुठे उभी आहे? बोट दाखवा."

गाडीत ड्रायव्हर डाव्या कडेला बसतो, डाव्या दाराचा स्पीकर त्याच्या मांडीशी, उजवा हातभर लांब. त्यामुळे गाणारी सुरुवातीला डावीकडे झुकलेली असते. मेगाहिद मागच्या सीटवर बसून रिमोटने एकेक बाजू पुढेमागे करत जायचा. गाणारी हळूहळू सरकत सरकत डॅशबोर्डच्या मधोमध येऊन उभी राहिली, की काम झालं. तोवर गाडी गाळ्याबाहेर जात नाही, मग मंत्र्याची का असेना.

शौकी बसला. त्याच्या उजवीकडे तहिया. दारं लागली. गाणं सुरू झालं आणि तहियाच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांची ओळखीची बाई, पण आज तिने श्वास कुठे घेतला तेही ऐकू येत होतं.

"कुठे उभी आहे, मिस्टर?"

शौकीने मिटल्या डोळ्यांनी डावीकडे बोट केलं. खिडकीबाहेर.

मेगाहिदने उजवी बाजू वाढवली. "आता?"

पुन्हा खिडकी.

आणखी वाढवली. "आता तरी आत आली का?"

"नाही. बाहेरच आहे. आरशाच्या जवळ."

"पस्तीस वर्षांत माझी गाणारी कधी गाडीबाहेर राहिली नाही," मेगाहिद पुटपुटला. खाली उतरला. उजव्या दाराचं पॅनेल परत काढलं, वायर उलटी लागली का ते बघितलं. सरळ होती. डाव्या-उजव्या स्पीकरांची अदलाबदल केली. घामाघूम झाला. पुन्हा दारं बंद.

"कुठे?"

डावी खिडकी.

"मॅडम, तुम्ही बसा बरं तिथे."

तहिया चालकाच्या जागेवर बसली. डोळे मिटले. गाणारी अगदी मधोमध उभी होती. इतकी समोर, की तहियाला वाटलं, हात पुढे केला तर तिच्या कानातलं हाताला लागेल.

"मध्ये," ती म्हणाली. "अरे माणसा, मध्येच तर उभी आहे! तुला खिडकीत कुठून दिसली?"

"दिसली नाही. ऐकू आली," शौकी म्हणाला, जरा चिडून. "असेल काही. राहू द्या उस्ता. छान आहे. निघू आम्ही."

"निघणार नाही," मेगाहिद म्हणाला. "बसा परत."

परत शौकी डावीकडे, तहिया उजवीकडे. मेगाहिदने मागून डावी बाजू पूर्ण बंद केली. आता फक्त उजवं दार गात होतं. तहियाच्या गुडघ्याशी गाणं गुणगुणत होतं, दाराला बोट लावलं तर बोटालाही जाणवत होतं.

"मिस्टर, आता?"

शौकीने थोडा वेळ कान दिला. मान जराशी वळवली. मग निश्चिंतपणे बोट उचललं आणि डाव्या खिडकीकडे दाखवलं.

तहियाने मागे वळून मेगाहिदकडे बघितलं. मेगाहिद तिच्याकडे बघत नव्हता. तो रिमोटवरची धूळ पुसत होता, आणि रिमोटवर धूळ नव्हती.

ती पुन्हा समोर वळली. शौकीचे डोळे मिटलेलेच होते. ती त्याच्या उजव्या कानाशी झुकली आणि गाडीत नेहमी बोलायची तशा दबक्या आवाजात म्हणाली, "शौकी, तुझ्या मिशीला आग लागलीये."

तो गाणं ऐकत होता.

"शौकी, उद्या चार वाजता हातेमच्या घरचे फातिहा वाचायला येतायत. मी शब्द दिलाय."

शौकी किंचित हसला. गाण्यात तान चांगली घेतली होती.

तहिया सावकाश मागे टेकली. नंतर तिला आठवलं, त्या क्षणी दोन वर्षं पत्त्यांसारखी सरसर उलटली. रस्त्याने चालताना तो नेहमी तिच्या उजव्या हाताला यायचा. ती समजायची, गाड्यांच्या बाजूने आपल्याला सांभाळतो. गाडी चालवताना त्याची खिडकी कायम उघडी, चालत्या कानात सगळा रस्त्याचा गोंगाट, हिचा शब्द पोचणार कुठून! जेवताना तो भिंतीकडची उजवी खुर्ची कोणाला देत नसे. हज्जा दौलत बसायची त्याच्या डावीकडे, म्हणून तिचं सगळं ऐकू जायचं. रात्री हिने कुशीवर वळून त्याच्या कानात काय काय सांगितलं होतं! आणि सकाळी तो विचारायचा, काल लवकर झोपलीस का? हिला वाटायचं, टोमणा मारतोय.

"मी जरा चहाचं सांगून येतो," मेगाहिद म्हणाला. गाणं बंद केलं, खाली उतरला आणि दार इतक्या हळू लावलं, की तेवढ्यासाठी तहियाने त्याला मनातल्या मनात दुवा दिला.

ती उतरली, गाडीला वळसा घालून त्याच्या खिडकीशी आली आणि काचेवर टिचकी मारली. त्याने काच खाली केली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"शौकी. पोरांना फसव, मला नको."

तो स्टिअरिंगच्या शिवणीवर नख फिरवत राहिला. "दोन हिवाळे झाले. तो ताप आला होता बघ, त्यानंतर. एका सकाळी उठलो तर इकडचं सगळं बंद. डॉक्टर म्हणाला, आतली नस गेली. उपाय नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार? माझा बाप आधी एका कानाने गेला, मग दोन्ही. गावात त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, बहिरा म्हटलं की दारात आणून सोडायचे. मी बहिऱ्याचा पोरगा. उद्या लोक म्हणतील, रक्तातच आहे. जिहानला कोण मागणी घालेल? म्हटलं, तिचं लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू. तोवर कळू द्यायचं नाही."

तहियाने खिडकीची कड घट्ट धरली. हसू आलं की रडू, तिचं तिलाच उलगडेना.

"जिहानचं लग्न होऊन जाऊ दे म्हणतोस? माणसा, जिहानचं लग्न उद्या ठरतंय!"

"काय?"

"उद्या! अस्रनंतर! मी तुला तीनदा विचारलं. एकदा मासळी बाजारातून येताना, एकदा तुझ्या बहिणीकडून येताना, एकदा पुलावर गाडी अडकली होती तेव्हा. तू गप्प बसलास. मी म्हटलं, गप्प आहे म्हणजे राजी आहे. शब्द देऊन बसले मी!"

शौकी तिच्याकडे बघतच राहिला. "कोणाला?"

"हातेमला. हज्ज फत्हींचा मुलगा."

"ट्रामच्या थांब्याजवळचा? औषधाच्या दुकानातला?"

"तोच."

तो एकदम गप्प झाला. मान खाली. उद्या चाळीस माणसांचं शरबत व्हायचं होतं, बासबूसाच्या गोड वड्यांसाठी रवा चाळून ठेवला होता, जिहानचा निळा ड्रेस शिंप्याकडून आला होता. आणि हा आता नाही म्हणाला तर?

"शौकी, गप्प बसू नकोस रे. मला तुझ्या गप्प बसण्याची भीती वाटायला लागलीये. हो म्हण, नाही म्हण, शिवी दे, पण आवाज कर."

"त्याला माहीत आहे," शौकी म्हणाला.

"कोणाला काय?"

"हातेमला. माझ्या कानाचं. मी थेंब त्याच्याकडूनच घेतो. थेंबांनी काही होत नाही, तोच म्हणाला पहिल्या दिवशी. मिस्टर, पैसे वाया घालवू नका. तरी मी घेत राहिलो. दर महिन्याला तो बाटली कागदात गुंडाळून ठेवतो. दुकानात कोणी असलं की म्हणतो, मिस्टर, तुमच्या खोकल्याचं औषध." त्याने डोळे वर केले. "दोन वर्षं, तहिया. तू आठवड्याला त्या दुकानात जातेस. कधी काही बोलला?"

तहियाला आठवलं. दर वेळी हातेम विचारायचा, मिस्टरांचा खोकला कसा आहे? आणि ती म्हणायची, कसला खोकला, घोड्यासारखा ठणठणीत आहे.

"म्हणजे मला सोडून सगळ्या अलेक्झांड्रियाला माहीत होतं!"

"एकट्या त्यालाच."

"मग? राजी आहेस ना?"

तो पुन्हा विचारात पडला, पण या वेळी तिने त्याच्या खांद्यावर बुक्की मारायच्या आत बोलला. "जिहान काय म्हणाली?"

"जिहान? मी विचारलं तिला. ती..." तहिया थांबली. "ती गप्प बसली."

शौकीने तिच्या बाजूचं दार आतून उघडलं.

"बस गाडीत," शौकी म्हणाला.

मेगाहिद चहा घेऊन परत आला तेव्हा त्याने काहीच विचारलं नाही. सीटखाली वाकून एक छोटा खटका फिरवला, मग रिमोट दाबला. "मिस्टर, आता दोन्ही बाजूंना एकच गाणं येईल. डावं-उजवं वेगळं काही नाही. गाणारी खिडकीतच उभी राहील, तिला मी आत आणू शकत नाही. पण तिचा एकही शब्द रस्त्यावर सांडणार नाही."

"खिडकीत असू दे," शौकी म्हणाला. "सवय झालीये तिची."

"बघा मॅडम," मेगाहिद म्हणाला, "सवतीला जागा मिळाली."

"असू दे. निदान ती मला उलटून बोलत नाही."

जिहान स्मूहा भागातल्या बालवाडीत शिकवायची. दोनला सुटायची. ती फाटकातून आली, पिशवीत रंगीत कागदांच्या सुरळ्या, बाहीला गोंद. आई-बाप दोघं गाडीत, आणि आई मागच्या सीटवर बसलेली बघून ती घाबरली.

"आजीला काही झालं का?"

"आजी सगळ्यांना पुरून उरेल. तू मागे बस, माझ्या पाठीशी. तहिया, सरक," शौकी म्हणाला. त्याने गाडी सुरू केली नाही. मान अर्धी वळवली, डावा कान मागे. "आता सांग. हातेम हवा आहे की नको?"

जिहानने आईकडे बघितलं. मान खाली घातली आणि गप्प बसली.

"आवाजात," बाप म्हणाला. "मला मान दिसत नाहीये."

"बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं."

"कधी?"

"वर्ष झालं. शेवटच्या पेपराला सोडायला आला होतात. मी पुढे बसले होते. सगळं सांगितलं, तो कसा आहे, काय म्हणाला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. सिग्नल लागला, तो सुटला, तरी काही नाही. मला वाटलं, तुम्हाला राग आलाय. पेपर अर्धा कोरा सोडून आले मी. मग आईने परवा विचारलं तेव्हा काय बोलू? म्हटलं, बाबांना नको आहे, तर..." ती बाहीवरचा गोंद खरवडायला लागली.

शौकीने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. हॉर्न वाजला. बालवाडीचा पहारेकरी खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"उजवा कान गेलाय माझा, बाळा," तो तसाच म्हणाला. "दोन वर्षं झाली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. सिग्नल तेवढा दिसला."

जिहान पुढे झुकली, बापाच्या डाव्या कानाला तोंड लावलं, आणि मोठ्याने, म्हणजे बालवाडीतल्या दंगेखोर पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, म्हणाली, "हवा आहे!"

पहारेकरी पुन्हा खाली बसला.

हज्जा दौलतला शुक्रवारी सकाळी सांगितलं. तिने ताबडतोब छातीवर हात ठेवला. "मला कोणी विचारलंही नाही!"

"विचारलं होतं, आई," शौकी म्हणाला. "मंगळवारी, जेवताना. तू गप्प होतीस. आम्ही म्हटलं, राजी आहेस."

"मी मासा खात होते! काटा होता तोंडात!"

"ते आम्हाला कसं कळणार?"

तहियाने वळून त्याच्याकडे बघितलं. मंगळवारी मासाही नव्हता आणि काही विचारलंही नव्हतं. त्याने तिच्याकडे बघून भुवई उडवली, अगदी मुख्याध्यापकांच्या टोपाच्या वेळची. दोन वर्षं ही भुवई कुठे होती, कोण जाणे.

अस्रनंतर मंडळी आली. हज्ज फत्ही पुढे, रुंद खांद्यांचे, बंदरावर हमालांचे मुकादम म्हणून आयुष्य गेलेले. मागे त्यांची बायको मिठाईच्या तीन खोक्यांसह, आणि सगळ्यात शेवटी हातेम, इस्त्री इतकी कडक की बसायला भीत होता. तो शौकीजवळ आला आणि नकळत डावीकडून आला. तहियाने ते बघितलं. आता ती सगळंच बघत होती.

विचारपूस झाली. हवा, बंदर, साखरेचा भाव. मग हज्ज फत्हींनी घसा साफ केला. मुलाकडून मागणी घालायची रीत असते, ती त्यांनी दोन वाक्यांत उरकली. लगेच सगळ्यांनी फातिहासाठी तळहात उघडले. ती मनातल्या मनात वाचायची, ओठ फक्त हलतात.

"थांबा," शौकी म्हणाला.

तळहात उघडे ते तसेच राहिले. तहिया शरबताचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"हज्ज, आधी एक ऐका. नंतर कळलं असं व्हायला नको. माझा उजवा कान गेलाय. माझ्या बापाचे दोन्ही गेले होते. रक्तात असेल, नसेल, अल्लाहला ठाऊक. मुलगी देतोय, तर तेही सांगून देतोय. तुमच्या मुलाला माहीत होतं, पण तो बोलला नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. आता बोला."

हज्ज फत्ही बोलले नाहीत. त्यांनी मुलाकडे बघितलं, मुलगा गालिच्याकडे बघत होता. बायकोकडे बघितलं. खोलीत पंख्याशिवाय कोणी हलत नव्हतं. जिहान दाराच्या पडद्याआड होती, तो पडदा ताणून धरल्यासारखा सरळ झाला होता. तहियाला वाटलं, या माणसाने आता टोपी उचलली तर मी इथेच ट्रे टाकीन.

"हज्ज," शौकी म्हणाला, "गप्प बसू नका. या घरात गप्प बसण्याचा अर्थ आता कोणाला कळत नाही."

"मी विचार करत होतो," हज्ज फत्ही सावकाश म्हणाले. "छत्तीस वर्षं ही माझ्याशी बोलतेय. सकाळच्या नमाजापासून. एक कान बंद असता तर काय झालं असतं, तेच बघत होतो."

"फत्ही!" त्यांची बायको ओरडली.

"आणि बहिरा कसला!" कोपऱ्यातून हज्जा दौलतने काठी आपटली. "माझ्या नवऱ्याला काही झालं नव्हतं. चाळीस वर्षं ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, हरामखोर. अल्लाह त्याला जन्नत देवो."

खोलीत एकदम हशा फुटला. हसता हसता हज्ज फत्हींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मनगटाने पुसलं आणि उठून खुर्ची उचलून शौकीच्या डाव्या अंगाला आणून ठेवली. बसले. त्याचा हात हातात घेतला.

"मुलगी आमची झाली, मिस्टर. वाचू या?"

सगळ्यांनी पुन्हा तळहात उघडले, डोळे मिटले.

"मोठ्याने वाचा," शौकी म्हणाला. "मला ऐकायचंय."